विचारायची रीत

मेंढीचं पोट गच्च आवळलेलं होतं आणि एफीचा उजवा हात कोपरापर्यंत आत होता. बोटांना दोन खूर लागत होते, एक नाक लागत होतं. नाक त्याच पायांचं की मागच्या कोकराचं, ते काही केल्या उमगत नव्हतं. दगडी बांधाच्या आडोशाला असूनही बर्फाळ पाऊस आडवा येऊन मानेत शिरत होता.

"काय लागतंय?" मेंढीच्या मानेवर गुडघा रोवून बसलेल्या बाबांनी विचारलं.

"दोन पाय, एक डोकं. पण डोकं दुसऱ्याचं वाटतंय."

"तुझ्या पुस्तकात बघ, काय लिहिलंय."

"पुस्तकात मेंढी नसते बाबा. मेंढीचा भाव असतो."

"मग हात पुढे घाल. भाव मागून बघू."

एफी मॅककुइश एकवीस वर्षांची होती. चार वर्षांच्या पदवीचं हे शेवटचं वर्ष. विषय आर्थिक इतिहास आणि अर्थशास्त्र, विद्यापीठ मुख्य भूमीवर, आधी बोट आणि मग बस अशी दिवसभराची वाट. परीक्षा मे महिन्यात होती. तरी एप्रिलच्या सुट्टीत ती गावी, ग्लाशमोरला आली होती, कारण मेंढ्या एप्रिलमध्येच वितात आणि लाखलन मॅककुइशच्या चौऱ्याऐंशी मेंढ्यांना त्याचे एकट्याचे हात पुरत नाहीत.

तिने कळ जाईपर्यंत थांबून डोकं हळूच मागे लोटलं, खरं डोकं शोधलं, दोन खुरांच्या मध्ये आणलं आणि पुढच्या कळेबरोबर ओढलं. कोकरू पिवळ्या बुळबुळीत आवरणासकट गवतावर पडलं. बाबांनी त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला आणि काडीने नाक हुळहुळवलं. कोकरू शिंकलं. दुसरं आपसूक आलं.

नाळेवर लावायला ती आयोडिनच्या बाटलीचं बूच काढत होती, तेवढ्यात वाटेवरून हाक आली.

"लाखलन! अरे लाखलन! तुझी पोरगी कोर्टाच्या कागदांत आलीय!"

शोनीकाका धापा टाकत येत होते. तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं होतं, त्यामुळे कागद हातात आला की त्यांचे पाय आपोआप भरभर पडत. आता ते गावच्या चराई समितीचे चिटणीस होते. डगल्याच्या आत छातीशी धरलेलं जाड पाकीट त्यांनी बाहेर काढलं आणि पावसाला पाठ केली.

येत्या मंगळवारच्या सुनावणीचे ते कागद होते. गावासमोर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्टीपलीकडे, फ्लोर्सा बेट आहे. मे ते ऑक्टोबर गावातल्या अकरा घरांच्या मेंढ्या तिथे चरतात. तेवढ्या दिवसांत घराजवळच्या शेतांत गवत वाढतं, ते कापून हिवाळ्याची बेगमी होते. बेट नसेल तर मेंढ्यांनी उन्हाळ्यातच ते गवत संपवायचं आणि हिवाळ्यात उपाशी मरायचं. आठ वर्षांपूर्वी जमीनदाराचा डोंगर, त्याचं मोठं घर आणि किनारा एका कंपनीने विकत घेतला. गेल्या शरदात कंपनीने वाळूच्या टोकाला फाटक बसवून कुलूप घातलं. बेटावर पाहुण्यांसाठी काचेच्या खोल्या व्हायच्या होत्या. गाव जमिनीच्या कोर्टात गेलं होतं. म्हणणं सरळ होतं: सव्वाशे वर्षांची वहिवाट आहे.

"मालकाच्या बाजूचे पुरावे," शोनीकाकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "नंबर एक, नकाशा. नंबर दोन, खरेदीखत. असं करत करत नंबर चौदा. 'सामाईक चराई आणि तंटे टाळण्याच्या रीती, एका किनारी वस्तीचा अभ्यास.' लेखिका, ई. मॅककुइश."

बाबा मोठ्याने हसले. "बघितलंस? त्यांच्या वकिलालासुद्धा पुरावा आमच्याच घरातून न्यावा लागला."

"मी तर म्हणतच होतो," शोनीकाका म्हणाले, "की पोरीचं शिक्षण वाया जाणार नाही. इतिहास म्हणजे कुणी कुणाला लुबाडलं, आणि अर्थशास्त्र म्हणजे ते कसं बरोबर होतं. दोन्ही एकत्र शिकली म्हणजे आपली चिंता मिटली."

एफीने आयोडिन एका नाळेला लावलं. दुसऱ्या कोकराकडे वळताना बाटली तिच्या हातात तिरकी झाली आणि तपकिरी धार गवतावर सांडली.

"मालकाच्या बाजूचे म्हणालात?"

"अगं, मालकाच्याच. इथं लिहिलंय की."

"पानाचा नंबर दिलाय का?"

शोनीकाकांनी कागद डोळ्यांपाशी नेला. "एकतीस."

तिला पान एकतीस पाठ होतं. त्याच पानाच्या समासात तिचे मार्गदर्शक डॉक्टर हेस्केथ यांनी पेन्सिलीने 'सुंदर' असं लिहिलं होतं.

*

प्रबंध बैठकीच्या खोलीतल्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला लिहिलेला. विभागाचं बक्षीस मिळालेला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बाबांनी तो दाखवला होता, पण हात धुऊनच धरायचा अशी त्यांची अट असल्यामुळे पहिल्या पानापलीकडे कुणी गेलं नव्हतं. पहिल्या पानावर 'बाबांना' एवढंच होतं.

आई, डॉलिना, बार्लीच्या सूपमध्ये गाजरं टाकत होती. एफीने ओले मोजे न काढताच पान एकतीस उघडलं.

"वाच," बाबा म्हणाले.

"'माहितगार क्रमांक चार,'" तिने सुरुवात केली. "'दर वर्षी मेच्या पहिल्या शनिवारी आजोबा रविवारचे बूट घालायचे. आजोबांनंतर वडील. वडिलांनंतर मी. आमचं घर वाळूच्या सगळ्यांत जवळ, म्हणून अख्ख्या गावातर्फे आम्हीच. मोठ्या घराच्या मागच्या दाराने जायचं. टोपी काढायची. म्हणायचं, जनावरं बेटावर न्यायची म्हणतोय. आतून आवाज यायचा, न्या. मग चहा. एकदाही कुणी नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर? नसती नेली, दुसरं काय.'"

सूप उकळत होतं. आईने डाव तसाच हातात धरला होता.

"हे मी बोललो?" बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. आरशात अचानक स्वतःची पाठ दिसावी तसा चेहरा झाला होता.

"मेंढ्या औषधात बुडवायच्या दिवशी. हौदापाशी. मी फोनवर आवाज धरून ठेवला होता. तुम्ही संमतीच्या कागदावर सही केली होती."

"कुठला कागद तो? मला वाटलं, औषधाचा."

"मी वाचून दाखवला होता बाबा."

"तू वाचलास, पण तेव्हा एडका सुटला होता," आई म्हणाली. "मी तिथंच होते. एडक्याच्या मागे पळत पळत सही केलीय यांनी."

शोनीकाका खुर्चीत बसले. गावाच्या वकिलाबरोबर ते चार वेळा बोलले होते, त्यामुळे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"लाखलन," ते म्हणाले, "वहिवाट कशी ठरते ते त्या वकिलाने मला सांगितलं होतं. न विचारता, उघडपणे, कुणी अडवलं नाही तर हक्क. विचारून असेल तर हक्क नाही. ती त्यांची मेहेरबानी. शंभर वर्षं चालली तरी मेहेरबानीच."

"पण ते विचारणं म्हणजे विचारणं नव्हतं रे. नमस्कार होता तो."

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. म्हणून तर वकिलाला आपण कुणीच सांगितलं नाही. कुणाला सुचलंच नाही सांगायचं. आपण शेजाऱ्याकडे गेल्यावर दार वाजवतो, हे कुणी कोर्टात सांगतं का?"

मग तिघंही एफीकडे बघू लागले.

तिने त्या रीतीवर नऊ पानं लिहिली होती. एका वाक्याने, एका चहाने सव्वाशे वर्षं कुंपण, पहारेकरी आणि वकील यांचा खर्च कसा वाचला, ते तिने मांडलं होतं. कागदावर न लिहिलेले नियम कसे टिकतात, याचा तो तिच्या मते नमुनाच होता. आकडे बरोबर होते. मुलाखती बरोबर होत्या. अकरा घरांची नावं काढून तिथे क्रमांक घातले होते. कायद्याचं मात्र त्या नऊ पानांत एक वाक्यही नव्हतं. तो तिचा विषय नव्हता.

"त्यांच्या हाती लागलं कसं?" आईने विचारलं.

"बक्षीस मिळालेले प्रबंध विभाग सगळ्यांना वाचायला ठेवतो. संगणकावर."

"सगळ्यांना," आई म्हणाली आणि डाव सूपमध्ये सोडून दिला.

*

फोनला रेंज फक्त चर्चच्या भिंतीपाशी मिळे. दुसऱ्या दिवशी सकाळी एफीने तिथे उभं राहून डॉक्टर हेस्केथना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे कोर्टात तुझा प्रबंध पुरावा म्हणून वाचला जाणार?" ते म्हणाले. "पदवीच्या विद्यार्थिनीचा? एफी, हे माझ्या उभ्या नोकरीत झालेलं नाही."

"सर, आमचं बेट जाईल."

"हो. हो, अर्थात. फार वाईट." ते खरोखरच वाईट वाटल्यासारखे बोलत होते. "मी आत्ता काढून टाकायला सांगतो. पण त्यांच्याकडे प्रत आहेच ना?"

तासाभरात प्रबंध काढून टाकल्याची सौजन्यपूर्ण चिठ्ठी विभागाकडून फोनवर आली. त्याने काही फरक पडणार नव्हता, हे चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही माहीत असावं.

गावात बातमी पसरायला त्या तासाचाही अवधी लागला नव्हता. दुकानात एफी कोकरांना पाजायची दुधाची भुकटी घ्यायला गेली, तर बोलणं थांबलं. मोराग नावाच्या बाईने, जिच्या घरच्या तीस मेंढ्या फ्लोर्साला जात, एफीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी कितवी गं?"

"काय?"

"तुझ्या पुस्तकात. माझ्याकडे आली होतीस ना, चहा पिऊन गेलीस. मी कितवा नंबर?"

"सात," एफी म्हणाली.

"सात," मोरागने दुकानदाराला सांगितलं. "चार नंबरने बेट घालवलं. सातने काय घालवलंय, ते पुढच्या सुनावणीत कळेल."

कुणी हसलं नाही. दुकानदाराने भुकटीचं पोतं उचलून द्यायला नेहमीसारखा हात लावला नाही. एफीने ते खांद्यावर घेतलं आणि दोन मैल चालत आणलं. वाटेत तीन गाड्या गेल्या. एकही थांबली नाही.

शुक्रवारी दिवसभर ती आणि बाबा कुंपणाच्या तारा ताणत होते. जमीन भिजून फुगली होती, खांब हलत होते. ती खांब धरे, बाबा घण घालत. प्रत्येक घावाबरोबर तिच्या दंडापर्यंत झिणझिण्या जात. दुपारी शोनीकाका आले. खांबावर हात टेकून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, जणू मेंढ्या ऐकतील.

"मी झोपलेलो नाही तीन रात्री," ते म्हणाले. "पण एक वाट दिसते. मंगळवारी त्यांचा वकील एफीला बोलावणार. विचारणार, चार नंबर कोण. नाव तर कागदावर नाहीच."

"मग?" बाबा म्हणाले.

"चार नंबर म्हातारा मुरडो होता. गेल्या नोव्हेंबरात वारला. शेवटी शेवटी त्याला स्वतःची मुलं ओळखू येत नव्हती. एफीने एवढंच म्हणायचं, मुरडो. आणि तू म्हणायचं, आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. संपलं."

बाबांनी घण खाली ठेवला. "शपथ घेऊन?"

"अकरा घरं आहेत लाखलन."

"शपथ घेऊन म्हणतोय मी."

"मी म्हणेन," एफी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या हातमोज्यांना तारांनी भोकं पडली होती आणि एका बोटातून रक्त येत होतं. ती पुढे म्हणाली, "आवाजाची फाइल फक्त माझ्याकडे आहे. ती पुसता येते. कुणाला कळणार नाही."

"आणि विद्यापीठाला कळलं तर?"

"पदवी देणार नाहीत."

"चार वर्षांची?"

"हो."

वाऱ्याने तार वाजत होती. बाबांनी घण पुन्हा उचलला. "खांब सरळ धर," एवढंच म्हणाले.

शनिवारी जेवण झाल्यावर ते बोटीच्या शेडमध्ये गेले. चार वाजता आईने एफीला चहा घेऊन पाठवलं. उलट्या टोपलीवर बसून बाबा प्रबंध वाचत होते. पिशवी नीट घडी करून बाजूला ठेवली होती. हात धुतलेले होते. ते बोट ओळीखाली फिरवत, ओठ हलवत वाचत होते आणि पान साठच्या पुढे गेले होते. तिथे नुसते तक्ते होते. त्यांनी चहा घेतला, पण मान वर केली नाही. ती दारातूनच परत फिरली.

*

मंगळवारी गावाच्या सभागृहात कोर्ट बसलं. एरवी जिथे लग्नाची नाचगाणी होतात, तिथे न्यायाधीशबाईंसाठी हिरव्या कापडाचं टेबल मांडलं होतं. त्या किरकोळ, पांढऱ्या केसांच्या, सर्दी झालेल्या होत्या. खुर्च्या भरल्या, तसे लोक भिंतींना टेकून उभे राहिले. ओल्या लोकरीचा वास कोंडला.

कंपनीच्या बाजूच्या वकीलबाई तरुण होत्या, फार तर तिशीच्या. त्यांनी एफीला अगदी नम्रपणे बोलावलं. शपथ दिली गेली. एफीने हात वर केला तेव्हा बोटावरची पट्टी सगळ्यांना दिसली.

"हा प्रबंध आपला?"

"हो."

"यातल्या मुलाखती आपण स्वतः घेतल्या? शब्द जसेच्या तसे आहेत?"

"हो."

"मी पान एकतीस वाचते."

आणि त्यांनी वाचलं. त्या मुख्य भूमीवरच्या, स्वच्छ, शहरी उच्चारात वाचत होत्या, तरी 'नसती नेली, दुसरं काय' इथे आल्या तेव्हा मागच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. 'दुसरं काय' असं ग्लाशमोरमध्ये एकच माणूस म्हणतो. शंभर डोकी लाखलन मॅककुइशकडे वळली आणि तितक्याच वेगाने पुढे झाली.

"कुमारी मॅककुइश, माहितगार क्रमांक चार कोण?"

मुरडो. तीन दिवस ती हे नाव म्हणून बघत होती, मेंढ्यांना चारा टाकताना, भांडी घासताना. तिने तोंड उघडलं.

"ते सांगायचं नाही, असं मी त्यांना लिहून दिलंय," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं. ते खरं होतं.

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं. "तुमचं वचन मला समजतं. पण इथे ते पुरेसं नाही. तुम्हाला उत्तर द्यावं लागेल."

"चार नंबर..." एफी म्हणाली आणि थांबली. शोनीकाकांचे ओठ हलत होते. मु. मु.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"बाई," बाबा उभे राहिले होते. अंगात रविवारचा कोट होता. "तिने ज्याला वचन दिलं, तो मी. मी तिला मोकळं करतो. चार नंबर मी आहे."

"लाखलन, बस खाली!" शोनीकाका जवळजवळ किंचाळले.

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. मग सगळं रीतसर झालं. एफीला उतरवलं, बाबांना बोलावलं, शपथ दिली. ते उभे होते, पण हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी ते पाठीमागे धरले.

"हे शब्द तुमचे?" वकीलबाईंनी विचारलं.

"माझेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी शनिवारी पूर्ण वाचलं. तक्त्यांसकट."

"तुम्ही दर वर्षी परवानगी मागत होता."

"विचारत होतो."

"त्यांनी नकार दिला असता, तर जनावरं नेली नसती, असं तुम्ही म्हणता."

"नसती नेली. त्या दिवशी." बाबांनी विचार केला. "दुसऱ्या दिवशी परत विचारायला गेलो असतो."

सभागृहात हशा पिकला. न्यायाधीशबाईंनाही हसू आवरलं नाही, पण त्या लिहीत होत्या.

"आणि गेली आठ वर्षं? मोठ्या घरात तर आता कुणी राहत नाही."

"मागच्या दाराला आता एक खोकं बसवलंय, बटण दाबून बोलायचं. त्यात बोलत होतो. सामान बाजूच्या दाराने आणा, असं ते म्हणायचं."

"म्हणजे रिकाम्या घरालाही तुम्ही विचारलंत."

"घर कुणाचं तरी होतं ना?"

वकीलबाईंनी कागद चाळल्यासारखे केले. "माझे प्रश्न संपले," त्या म्हणाल्या, आणि बाबांकडे न बघता खाली बसल्या.

"मला एक विचारायचंय," बाबा न्यायाधीशबाईंकडे वळले. "चालेल का?"

"विचारा."

"माझ्या आजोबांनी समजा विचारलंच नसतं. भल्या पहाटे, कुणी उठायच्या आत, त्यांच्या दारावरून जनावरं हाकलत नेली असती. दर वर्षी. वडिलांनी तसंच, मी तसंच. तर?"

न्यायाधीशबाईंनी लेखणी ठेवली. "दिवसाउजेडी, कुणालाही दिसेल अशी नेली असती, आणि कुणी अडवलं नसतं, तर कदाचित तुमचा हक्क झाला असता."

"उद्धटासारखी नेली असती तर बेट आमचं?"

"कायद्याची भाषा तशी नाही, श्री. मॅककुइश."

"नसेल. पण गोष्ट तीच ना?"

छपरावर पाऊस वाजत होता. "साधारण तीच," त्या शेवटी म्हणाल्या.

बाबा उभेच राहिले. तोंड किंचित उघडं होतं. घोड्याने छातीत लाथ मारल्यावर माणूस पडायच्या आधी जसा उभा असतो, तसे. मग त्यांनी मागे पाहिलं. भिंतीला टेकलेल्या मोरागकडे, शोनीकाकांकडे, आईकडे. जणू त्यांनी वेडंवाकडं काही ऐकलं की काय, हे त्यांना सगळ्यांच्या तोंडावरून ताडून घ्यायचं होतं. सगळ्यांनी तेच ऐकलं होतं.

बाहेर पडताना कुणी मॅककुइशांशी बोललं नाही. फक्त शोनीकाका गाडीपाशी आले. "तू मुरडो म्हटलं असतंस तर," ते एफीला म्हणाले, आणि तिथेच थांबले. त्यांनी गाडीचं दार लावून दिलं.

घरी जाताना एफी मागे बसली होती. तिला बाबांची मान दिसत होती, वाऱ्याने लाल झालेली, कोटाच्या कॉलरने काचलेली.

"कशाला उठलात?" तिने विचारलं. "मी म्हणणार होते."

"माहीत होतं म्हणूनच उठलो."

चर्च मागे पडल्यावर ते म्हणाले, "शेवटी तो तक्ता आहे ना, कुठल्या घरच्या किती मेंढ्या कुठल्या वर्षी गेल्या. एकोणीसशे बत्तीस साली आजोबांच्या फक्त नऊ लिहिल्यात. बरोबर आहे ते. त्या वर्षी रोग आला होता. आजी सांगायची. आमच्याशिवाय कुणाला माहीत नसेल असं वाटायचं मला." त्यांनी गिअर बदलला. "ते तू खोटं आहे म्हणून सांगायचं? लोक मग नऊवरही विश्वास ठेवणार नाहीत."

*

परीक्षा झाल्या. एफीने त्या दिल्या. कशा दिल्या, ते तिला आठवत नव्हतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती बोटीतून उतरली तेव्हा रस्त्यावरूनच तिला दिसलं की घराजवळची शेतं मुळापासून कुरतडली गेली आहेत. जिथे घोट्याला लागेल इतकं गवत असायला हवं होतं, तिथे माती दिसत होती. कोकरांच्या पाठीची हाडं वर आली होती. वाळूपलीकडे फ्लोर्सा बेट हिरवंगार होतं, गवताला तुरे आले होते.

निकाल त्याच दुपारी आला. शोनीकाकांनी तो दारातून आत सरकवला आणि आत न येता निघून गेले. बाबांनी चष्मा लावून टेबलाशी वाचला. पंधरा पानं होती. बेट गेलं होतं. ते दुसऱ्याच पानावर होतं, पण त्यांनी उरलेलीही वाचली.

"तुझं नाव आहे इथे," ते म्हणाले. "'कुमारी मॅककुइश यांचं काम अत्यंत काळजीपूर्वक आणि विश्वासार्ह आहे. हा निर्णय मुख्यतः त्याच्याच आधारे दिला आहे.'" त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, आईला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

आई मोरीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

पाकिटात आणखी एक कागद होता, कंपनीचा. तो एफीने वाचला. मजकूर सभ्य होता. वस्तीशी चांगले संबंध राहावेत अशी कंपनीची इच्छा होती. खोल्यांचं बांधकाम दोन वर्षांनी सुरू व्हायचं होतं. तोवर ग्रामस्थांनी सोबतचा अर्ज भरून चराईची परवानगी मागितली, तर तिचा अनुकूल विचार होईल.

"बाबा," ती म्हणाली. "दोन उन्हाळे मिळतील. नाव आणि मेंढ्यांची संख्या, एवढंच लिहायचंय. मी भरते. तुम्ही फक्त सही करा."

बाबांनी अर्ज घेतला. पुढून पाहिला, मागून पाहिला.

"नाही."

"अहो, जन्मभर विचारलंत की!" आई गर्रकन वळली. हातातून साबणाचं पाणी जमिनीवर गळत होतं. "आजोबांनी विचारलं, वडिलांनी विचारलं, त्या खोक्याला विचारलंत! आता कोकरं मरायला लागलीत, तर आताच नाही?"

"तेव्हा विचारत होतो, डॉलिना."

"मग आता?"

"आता मागणं होईल ते."

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली. मग दाराशी जाऊन रबरी बूट चढवले. एक बूट पायात शिरेना. ते भिंतीला धरून उभे राहिले, पाय झटकला, पुन्हा घातला.

"विक्रीची बोट गुरुवारची," ते एफीला म्हणाले. "चल. म्हाताऱ्या कुठल्या आणि वांझ कुठल्या, ते तुला अजून नीट ओळखता येत नाही. मी दाखवतो, तू वेगळ्या कर."

ती उठली.